काथ्या ताणतो, ताग तुटतो: पेशीभित्तिकेतली सेल्युलोजची मांडणी घरी कशी तपासावी

शाळेच्या आकृतीत पेशीभित्तिका म्हणजे हिरव्या पेनाने मारलेली एक जाड रेघ. खरं तर ती थरांची असते आणि प्रत्येक थरात सेल्युलोजचे, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचे, तंतू ठराविक दिशेने बसवलेले असतात. एक तंतू जेमतेम ३ नॅनोमीटर जाड, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसायचा नाही. दिशेचा परिणाम मात्र हाताला कळतो.

साहित्य: वाळल्या नारळाच्या सोडणातला काथ्या, तागाच्या गोणपाटाचा दोरा, चिकटपट्टी, मोजपट्टी. गोणपाट तागाचंच आहे ना, ते आधी पाहा. दोरा पेटवल्यावर वितळून गोळा झाला तर ते प्लास्टिक.

१. तागाचा दोरा उलगडून त्यातला एकच धागा घ्या. काथ्याचाही एकच घ्या, कोरडा.

२. मोजपट्टीच्या शून्यावर धाग्याचं एक टोक पक्कं चिकटवा. तिथून १० सेंमीवर दुसऱ्या टोकाला चिकटपट्टी दुमडून पकड करा.

३. पकड धरून हळूहळू ओढा आणि धागा तुटताना ती कुठे होती ते वाचा. झटका देऊ नका. चिकटपट्टीतून निसटलेला धागा मोजू नका. दोन्हींचे चार-पाच धागे तरी तपासा, कारण नैसर्गिक धागे एकसारखे नसतात.

ताग साधारण २ मिमी ताणला की तुटतो, म्हणजे ताणलेला कळतसुद्धा नाही. काथ्या १५ मिमी, कधी ३० मिमीही लांबतो. असा धागा म्हणजे लांबट पेशींचा जुडगा. त्यांच्या पेशीभित्तिकेच्या सर्वांत जाड थरात सेल्युलोजचे तंतू पेशीभोवती मळसूत्रासारखे फिरलेले असतात. तागात ते पेशीच्या लांबीशी जेमतेम ८ अंशांचा कोन करतात, जवळजवळ सरळच. ओढलं की भार थेट त्यांच्यावर येतो. काथ्यात हाच कोन ४५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे वेटोळी आधी सरळ होऊ लागतात. काथ्यात सेल्युलोज कमी आणि लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) बरंच जास्त असतं, हेही खरं. पण इतकं ताणणं मुख्यतः कोनाचं काम.

ही दिशा पेशी वाढतानाच ठरते. पेशीपटलातले (भित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्यातले) प्रथिनसंच ग्लुकोजच्या साखळ्या विणत पुढे सरकतात आणि पटलाखालच्या सूक्ष्मनलिका, म्हणजे प्रथिनांच्या बारीक नळ्या, त्यांना वाट दाखवतात.

४. आता वेटोळी कुठल्या बाजूची, ते पाहू. तागाचा एक धागा दहा मिनिटं भिजवून निथळा. चिमट्यात एक टोक धरा, मोकळं टोक आपल्याकडे ठेवा आणि धागा गरम तव्याच्या वर, तव्याला न टेकवता, धरा. पंखा बंद हवा. वाळताना मोकळं टोक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. अस्सल लिननचा उकललेला एकच धागा मात्र घड्याळाच्या दिशेने फिरेल. (लिनन जवसाच्या खोडातून निघतं, विदर्भात जवस पिकतं ते तेलासाठी.)

पाणी सेल्युलोजच्या तंतूंच्या मधल्या जागेत शिरतं. वाळताना तंतूंची लांबी फारशी बदलत नाही, त्यांच्यातलं अंतर घटतं आणि मळसूत्र पिळलं जातं.

या शेवटच्या चाचणीला कापूस घेऊ नका. कापसाच्या एकाच केसात मळसूत्राची दिशा पुन्हा पुन्हा उलटते, त्यामुळे तो कधी इकडे, कधी तिकडे वळतो.