शांतिसेनेच्या तळावरचा दारूगोळा: साठवण आणि विल्हेवाट

दक्षिण सुदानसारख्या ठिकाणी भारतीय बटालियनच्या तळावर पक्कं कोठार क्वचितच मिळतं. बहुधा मालवाहू कंटेनरच वापरावा लागतो. बंद कंटेनर उन्हात भट्टीसारखा तापतो. सायप्रसमध्ये जप्त दारूगोळ्याचे ९८ कंटेनर दोन वर्षांहून अधिक काळ उघड्यावर राहिले; जुलै २०११ मध्ये स्फोट होऊन १३ जण गेले. म्हणून वर सावलीचं दुहेरी छप्पर आणि जाळी लावलेले झरोके हवेतच. तापमान रोज नोंदवा. उष्णतेने प्रणोदकातलं (गोळी ढकलणाऱ्या दारूतलं) स्थिरक, म्हणजे ती आपोआप पेटू नये म्हणून मिसळलेलं रसायन, संपत जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पेट्या थेट जमिनीवर नकोत, लाकडी फळ्यांवर ठेवा. भिंतीपासून हवा खेळेल एवढी जागा सोडा. जुना लॉट (एकाच वेळी बनलेला माल) आधी बाहेर काढा. डेटोनेटर आणि स्फोटकं एका कंटेनरात कधीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात धोक्यानुसार गट आहेत: रायफलची काडतुसं बहुतेक १.४ या कमी धोक्याच्या गटात येतात. सगळं एकदम उडू शकतं असा माल १.१ मध्ये. त्याला मातीचे बांध आणि माणसं-इमारतींपासून मोठं अंतर लागतं. अंतर स्फोटकाच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतं: वजन आठपट, तर अंतर दुप्पट. जागेची टंचाई असेल तर साठा कमी करा, अंतर नाही.

गंजलेला, पिचका किंवा गळका नग दिसला की हलवू नका. परिसर रिकामा करा, जागेवर खूण करा, लॉट क्रमांक जुन्या नोंदीतून काढा आणि प्रशिक्षित बॉम्बनाशक पथकाला बोलवा. आपणच खड्ड्यात पुरणं किंवा जाळणं म्हणजे विल्हेवाट नव्हे.