ज्येष्ठांची औषधे: या चुका टाळा

सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये हृदयरोग, मधुमेह आणि सांधेदुखी अशा तीन तज्ज्ञांच्या चिठ्ठ्या असतात. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी योग्य असते. घोटाळा होतो तो त्या एकत्र आल्यावर. त्यामुळे डॉक्टरांपुढे फक्त शेवटची चिठ्ठी ठेवणे ही पहिली चूक. सगळी औषधे एकत्र तपासणे हे क्लिनिकल फार्मासिस्टचे मुख्य काम असून, त्यासाठीचा सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम भारतात २००८ मध्ये सुरू झाला. तरीही बहुतेक कुटुंबांना फार्मासिस्ट म्हणजे मेडिकलच्या काउंटरपलीकडचा माणूस एवढेच ठाऊक असते.

औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजणे ही दुसरी आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक. रक्तदाबासाठीच्या अ‍ॅम्लोडिपिनने पायांवर सूज येऊ शकते. ती उतरावी म्हणून लघवी वाढवणारी गोळी सुरू होते, तिच्यामुळे उभे राहताना चक्कर येते, चक्कर थांबवण्यासाठी प्रोक्लोरपेराझिन दिले जाते आणि काही आठवड्यांनी त्याच्या दुष्परिणामाने हात थरथरू लागले की घरचे कंपवाताच्या शंकेने मेंदूविकारतज्ज्ञांकडे धाव घेतात. कोणते औषध कधी सुरू झाले आणि कोणती तक्रार त्यानंतर उद्भवली, हे तारखांनिशी मांडून क्लिनिकल फार्मासिस्ट ही साखळी उलगडतो व बदल डॉक्टरांना सुचवतो; अंतिम निर्णय डॉक्टरांचाच असतो.

मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणाऱ्या रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा नॉर्मल आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. कृश वृद्धांमध्ये स्नायू कमी असल्याने मूत्रपिंडाचे काम मंदावले असतानाही तो आकडा नॉर्मल दिसू शकतो. म्हणून वय आणि वजन धरून मात्रा ठरवावी लागते. अशा रुग्णाने रक्तदाबाचे टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना गुडघेदुखीसाठी परस्पर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक घेतल्यास मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते.

संधिवाताचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्यास तोंड येते, रक्तपेशी घटतात, प्रसंगी जीवही जातो. त्यामुळे ठरलेला वार पाकिटावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर असावे, तर ‘एसआर’ लिहिलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या कुटून देऊ नयेत.

यांपैकी काही घरात आढळले तरी गोळ्या परस्पर बंद करू नयेत, कारण हृदय व रक्तदाबासाठीचे बीटा ब्लॉकर किंवा रोजची झोपेची गोळी एकाएकी थांबवणेही धोक्याचे असते. चालू असलेल्या सर्व गोळ्या, चूर्णे आणि आयुर्वेदिक काढेसुद्धा पिशवीत घालून तपासणीला न्यावेत. डिस्चार्जच्या वेळी नव्या औषधांइतकेच, जुन्यांपैकी कोणती बंद झाली हेही लिहून मागावे.