मुलांना नदी शिकवताना या चुका टाळा

पुण्यातल्या शाळांच्या मुलांना घेऊन मी गेली काही वर्षे मुठा आणि रामनदीच्या काठी जातो. मुलांचे कुतूहल कधीच कमी पडत नाही. चुका होतात त्या आम्हा मोठ्यांच्या घाईमुळे, आणि दरवर्षी त्याच होतात.

सर्वांत नुकसान करणारी चूक पाण्याच्या नमुन्याची आहे. एकदा सातवीच्या मुलांनी संगमाजवळ कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत पाणी घेतले, तेही अर्धी बाटली. ती दप्तरात हिंदकळत बसने शाळेत आली आणि दुपारी वर्गात किटने विरघळलेला ऑक्सिजन मोजला गेला. आकडा इतका चांगला आला की तक्त्यावर ‘पाणी माशांसाठी योग्य’ असे लिहिले गेले. काठावर नाकाला रुमाल लावून उभी असलेली एक मुलगी तेव्हा म्हणाली, “सर, मग तो वास कसला होता?” तिचे बरोबर होते. अर्धवट भरलेली बाटली हलली की वरच्या हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळतो. बाटली काठोकाठ भरूनही उशीर केला, तर सांडपाण्यातले जीवाणू आहे तोही संपवतात. म्हणून मी बाटली पाण्याखालीच भरून, आत बुडबुडा नाही हे पाहून बूच लावायला सांगतो, आधी तापमान नोंदवतो, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि चाचणी काठावरच बसून करतो. पुढच्या खेपेस तसे केले, तेव्हा आकडा माशांसाठी किमान मानल्या जाणाऱ्या ४ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली आला.

दुसरी चूक म्हणजे एका दिवसाची स्वच्छता मोहीम. प्लॅस्टिक उचलले जाते, फोटो निघतात, पण सांडपाणी कोठून मिसळते हे कोणी पाहत नाही. मला ही घाई मुळीच पटत नाही. वर्षभर दर महिन्याला एकाच जागी जावे आणि दगड उलटून पाहावे: मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या दिसल्या तर पाणी बरे आहे, आणि नुसत्या तांबड्या अळ्या दिसल्या, ज्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे थोड्या ऑक्सिजनवरही तग धरतात, तर वहीत तसे लिहावे.

जलपर्णीची हिरवाई म्हणजे निरोगी नदी नव्हे. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ती फोफावते. आंबील ओढ्याला नाला म्हणू नये; तो कात्रजहून येतो, तेव्हा मुलांना आधी तिथे न्यावे. घरच्या टाकीतले मासे नदीत सोडू देऊ नयेत. हातापायाला जखम असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नये, कारण लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे जंतू तिथून शिरतात.

पावसाळ्यात मुठेवरच्या खडकवासला धरणातून किती विसर्ग चालू आहे हे सकाळी विचारल्याशिवाय कोणालाही पात्राजवळ नेऊ नये. विसर्ग वाढल्याचे कळले, तर बसचे पैसे भरून झाले असले तरी मी सहल रद्द करतो.