महाविद्यालयीन संघाच्या चाहत्यांची निष्ठा कशी पारखावी

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या चाहत्यांची निष्ठा विजयावर अवलंबून आहे का, हे तपासायचे असेल तर त्यांना थेट विचारू नका, कारण आपण केवळ जिंकणाऱ्याच्या बाजूचे आहोत असे कोणीही कबूल करत नाही. त्याऐवजी सोमवारी वर्गात जाऊन विद्यापीठाचे नाव असलेले कपडे किती जणांनी घातले आहेत ते मोजा. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात विद्यापीठांमध्ये हेच केले होते, आणि शनिवारचा सामना जिंकल्यावर असे कपडे अधिक दिसले. भाषेकडेही कान द्या: विजयानंतर ‘आपण जिंकलो’ म्हणणारे पराभवानंतर ‘ते हरले’ म्हणू लागतात, आणि माझ्या मते हीच खूण सर्वांत बोलकी आहे.

तिकीटविक्रीवर मात्र एकट्याने विसंबू नका. नेब्रास्का विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटे 1962 पासून, 2020 मधील प्रेक्षकांविना झालेले सामने वगळता, प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत, अगदी 2017 ते 2023 या सलग सात अपयशी हंगामांतही. परंतु त्यातील काही सामन्यांची उरलेली तिकिटे देणगीदारांनी विकत घेतली होती. म्हणून विकलेली तिकिटे आणि प्रवेशद्वारातून प्रत्यक्ष आत आलेली माणसे यांची वेगवेगळी नोंद ठेवा, आणि ती किमान दोन पडत्या हंगामांत ठेवा. विद्यार्थी व जुने माजी विद्यार्थी यांचे आकडे एकत्र करू नका. घराण्यातून आलेली ओढ आणि चार वर्षांची ओळख यांची जात निराळी असते.