भाड्याच्या घराचं डिपॉझिट: द्यायचं कसं, उभं कुठून करायचं, परत कसं मिळवायचं

पुण्यात 20,000 रुपये भाड्याचा फ्लॅट घ्यायचा तर सुरुवातीलाच लाखभर रुपये लागतात. तीन महिन्यांचं डिपॉझिट धरलं तर 60,000, पहिलं भाडं 20,000, दलाली बहुधा एका महिन्याची, वर करारनोंदणी आणि टेम्पो. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा आहे, पण तो नुसता नमुना. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तेव्हा आकडा घासाघीस करूनच ठरतो. मालक अडून बसला तर अर्धं करारावेळी, अर्धं महिन्याभराने असं मागून पाहा, आणि मान्य झालं तर करारात तसंच लिहून घ्या.

पैसे कमी पडत असतील तर आधी नोकरीच्या ठिकाणी पगारातून उचल मिळते का ते विचारा. पगारदार पतसंस्थेचे सभासद असाल तर तिथलं कर्ज मोबाइल ॲपवरच्या झटपट कर्जापेक्षा सहसा स्वस्त पडतं. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये मिळतात, त्यात निवासासाठी 20,000. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. मात्र ही रक्कम अर्ज मंजूर झाल्यावर खात्यात येते. खोलीचं डिपॉझिट तिच्या भरवशावर कबूल करू नका.

टोकन देण्याआधी मालकाच्या नावाचं वीजबिल आणि इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा सरकारी उतारा) पाहा. मालक परदेशात असेल तर सही करणाऱ्याकडे कुलमुखत्यारपत्र हवं. रक्कम मालकाच्याच खात्यात, बँकेतून. एजंटच्या खात्यात एक रुपयाही नाही, तो कितीही ओळखीचा असला तरी. मुंबईत भाडं कमी आणि डिपॉझिट काही लाखांचं, असा ‘हेवी डिपॉझिट’चा सौदा समोर आला तर फ्लॅटवर गृहकर्ज थकलंय का ते नक्की तपासा. बँकेने जप्ती आणली की तुमची रक्कम अडकते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. खर्च फार नाही. वरच्या उदाहरणात 11 महिन्यांचं भाडं 2,20,000, डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं तेवढ्याच महिन्यांचं व्याज 5,500. या बेरजेच्या 0.25 टक्के म्हणजे साधारण 564 रुपये मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी शुल्क 1,000. घरी येऊन नोंदणी करणारे आपली मजुरी वेगळी घेतात, म्हणून हिशेब फोडून मागा.

भांडण हमखास होतं ते कपातीवरून. ‘रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापले जाईल’ हे वाक्य छापील मसुद्यात पुष्कळदा असतं. सहीआधी ते खोडा किंवा रक्कम ठरवून घ्या. नेहमीच्या वापराने झालेली झीज कापता येणार नाही, असं स्पष्ट लिहा. लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, हेही. किल्ली मिळाली त्याच दिवशी भिंती, नळ, गीझर, फरशीच्या कडा आणि वीजमीटरचं रीडिंग यांचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. महिन्याने पाठवलेल्या व्हिडिओला कोणी विचारत नाही.

सोडताना नोटीस लेखीच द्या. शेवटचं वीजबिल उशिरा येतं, म्हणून मीटरचा फोटो काढून अंदाजे तेवढीच रक्कम मागे ठेवू द्या. बाकीचे पैसे खात्यात आले की किल्ली. ‘डिपॉझिटमधून भाडं वळतं करा’ म्हणून शेवटचे महिने थकवणं परस्पर ठरवू नका, त्याने तुम्हीच करार मोडल्यासारखं होतं. पैसे अडवलेच तर वकिलामार्फत नोटीस पाठवा, त्यानंतर दिवाणी दावा. पोलीस बहुतेकदा ‘हा दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवतात. दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षं.