वारा वाढला की डिंगीत (शिडाच्या छोट्या उघड्या बोटीत) पाणी का भरतं आणि ते बाहेर कसं ठेवायचं

पहिली गोष्ट म्हणजे, जोराच्या वाऱ्यात बोटीत जे पाणी येतं ते बहुतेक वेळा भोकातून येत नाही, काठावरून येतं. बोट कलंडली, खालचा काठ पाण्याला टेकला की एका झटक्यात बादल्याच्या बादल्या आत. म्हणून चांगला बेलर (बोटीतलं पाणी बाहेर काढणारं साधन) कुठला घ्यायचा हे विचारण्याआधी मेनशीट, म्हणजे मोठं शीड ओढायचा-सोडायचा दोर, कोणाच्या हातात आहे ते बघा. मी इथे एंटरप्राइझ जातीची डिंगी धरून लिहितोय, साधारण ४ मीटरची दोघांची बोट, आपल्याकडे बऱ्याच जणांची सुरुवात तिच्यावरच होते.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १० नॉटचा (ताशी सागरी मैल) वारा १५ झाला की शिडावरचा दाब दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. गस्ट (वाऱ्याचा अचानक झोत) येताना पाण्यावर काळपट सुरकुत्या धावत येतात त्या आधीच दिसतात, तेव्हाच बाहेर झुकायला लागा आणि ती अंगावर आली की मेनशीट हातभर सोडा, बोट सपाट झाली की परत ओढा. मेनशीट क्लीटमध्ये (दोर पकडून ठेवणाऱ्या खाचेत) अडकवून ठेवायची नाही म्हणजे नाही. तरी जमत नसेल तर किकर (बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, खाली ओढणारा दोर), कनिंगहॅम (शिडाची पुढची कड ताणणारा), आउटहॉल (खालची कड ताणणारा) घट्ट करून शीड चपटं करा, सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात उतरणारी फळी) थोडा वर घ्या. जिबचा, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाचा, दोर सुटा आहे ना तेही बघा, क्रूच्या (बोटीतल्या जोडीदाराच्या) बुटाखाली अडकलेला जिबशीट हा आपल्याकडचा ठरलेला घोटाळा आहे.

रीचवर, म्हणजे वारा बाजूने घेऊन जाताना, मात्र उलट, किकर थोडा सैल करा. नाहीतर बोट कलली की बूमचं टोक पाण्यात घासतं, शीट सोडूनही शीड बाहेर जात नाही आणि मग थेट कॅप्साइज, बोट उलटी.

मुंबई हार्बरमध्ये दुपारचा वारा एकीकडून आणि भरती-ओहोटीची ओढ उलटीकडून असली की लाटा आखूड आणि उभ्या होतात, त्यात वाऱ्याच्या तोंडावर जाताना नाळ (बोटीचं पुढचं टोक) आपटते आणि प्रत्येक आपटीला तोंडावर पाणी. लाट चढताना किंचित वाऱ्याकडे वळा, माथ्यावरून उतरताना थोडं वाऱ्यापासून दूर वळा आणि दोघंही जवळजवळ, जरा मागे सरकून बसा म्हणजे नाळ हलकी राहते. खालच्या वाऱ्याला, म्हणजे वारा पाठीशी घेऊन, जाताना तर अजून मागे, नाहीतर नाळ पुढच्या लाटेत घुसते. जाइब (मागून येणाऱ्या वाऱ्यात बोट वळवून शीड दुसऱ्या बाजूला घेणं) करायचीच असेल तर बोट सर्वात जास्त पळत असताना करा कारण तेव्हा शिडावरचा दाब कमी जाणवतो, आणि धीर होत नसेल तर सरळ गोल फिरून टॅक मारा, म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवून वळा, कोणी हसलं तर हसू दे.

आता बेलर. सेल्फ-बेलर, म्हणजे तळाला बसवलेली आपोआप पाणी काढणारी झडप, प्रसिद्ध केला तो डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमने, १९४८ ते १९६० सलग चार ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा माणूस. बोट पळाली की तळाखालचं वाहतं पाणी आतलं पाणी खेचून घेतं, एवढंच ते तंत्र. म्हणजे वेग नसेल तर उघडा बेलर हे बोटीला पाडलेलं भोकच, त्यातूनच पाणी वर येतं. हळू झालात की बंद करा. किनाऱ्यावरून बोट ढकलली असेल तर बेलरच्या झाकणात वाळू बसते आणि ते पूर्ण मिटत नाही, निघण्याआधी झाकणावरून हाताचं बोट फिरवून बघा.

निघण्याआधी अजून एक, बॉयन्सी टँकचे (बोट तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या बंद कप्प्यांचे) बूच लावलेत का ते हाताने चाचपून बघा, नुसतं बघून नाही. टँक गळतो का हे जमिनीवरच कळतं: टँकमध्ये बादलीभर पाणी ओता, बोट एका बाजूला कलती करा आणि जोडावरून कोरडा हात फिरवा, जिथे ओला लागेल तिथे सीलंट. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर बदलून टाका, स्वस्त असतं.

एवढं करूनही भरलीच तर आधी दोन्ही शीट सोडा, एकाने मध्यभागी बसून बोट सांभाळायची, दुसऱ्याने बादलीने उपसायचं. लिटरला किलो या हिशोबाने २०० लिटर पाणी म्हणजे बोटीत अजून तीन माणसं, आणि तीही शांत न बसणारी, बोट जिकडे कलेल तिकडे धावणारी. बादली बोटीला दोरीने बांधलेली हवी. अर्धंअधिक पाणी गेलं की रीचवर या, शीट हळूहळू ओढा, वेग घ्या, मग बेलर उघडा, उरलेलं तो ओढून काढतो.