मज्जारज्जूच्या इजेनंतर घरून व्हिडिओ कॉलवर पुनर्वसनाचा सल्ला कसा घ्यावा

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला गडचिरोली किंवा नंदुरबारकडच्या गावातून दर महिन्याला मुंबईला, हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत घेऊन जाणे बहुतेक कुटुंबांना झेपत नाही. व्हिडिओ कॉलमुळे ही सोय घरबसल्या होऊ शकते. मात्र डॉक्टरांना हात लावून तपासता येत नसल्यामुळे पाहण्याचे आणि मोजण्याचे काम घरच्यांनी आधीच करून ठेवावे लागते.

कॉलच्या आधी निदान तीन दिवस वही ठेवावी. कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातून लघवी काढण्याची नळी, किती वाजता घातला, किती मिलिलिटर लघवी निघाली, मधे कपडे ओले झाले का, शौचाला कधी झाले, हे त्या त्या वेळी लिहावे. दर चार ते सहा तासांनी कॅथेटर घालूनही एका वेळी ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी वारंवार निघत असेल, तर पाण्याचे किंवा कॅथेटरचे वेळापत्रक बदलावे लागते, आणि हा निर्णय आकड्यांवाचून घेता येत नाही.

सर्वाधिक काळजी त्वचेची घ्यावी, कारण जिथे संवेदना नाही तिथली जखम दुखून सांगत नाही. माकडहाड, बैठकीची हाडे, खुब्यांच्या बाजू, घोटे आणि टाचा सकाळी व रात्री तपासाव्यात. लालसर डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजून त्या भागावरचा भार त्याच क्षणी काढावा. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा गडद लागणारी जागा हाताने चाचपावी. फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून काढावा. तो काढण्यापूर्वी रुग्णाला विचारावे आणि डॉक्टरांखेरीज कोणालाही, अगदी नातेवाइकांच्या ग्रुपवरही, पाठवू नये. शरीर परस्वाधीन झाले म्हणून लाज आणि मान संपत नाहीत.

व्यायाम दाखवताना मोबाइल पलंगाच्या बाजूला, खांद्यापासून पावलापर्यंत सारे दिसेल असा टेकवून ठेवावा. पलंगावरून व्हीलचेअरवर सरकण्याचा सराव कॉलवर करायचा असेल, तर ब्रेक लावून घ्यावेत आणि मोबाइल धरणाऱ्याखेरीज आणखी एक धडधाकट माणूस शेजारी असावा.

काही लक्षणे मात्र कॉलची वाट पाहत ठेवू नयेत. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असलेल्यांचे डोके अचानक ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम सुटला आणि वरचा रक्तदाब नेहमीपेक्षा २० ते ४० ने चढला, तर तो जिवावरचा धोका असतो. रुग्णाला ताबडतोब उठवून बसवावे, पाय खाली सोडावेत, कपडे व पट्टे सैल करावेत, कॅथेटरची नळी कुठे दुमडली आहे का ते पाहावे आणि कायम बसवलेली नळी नसेल तर कॅथेटर घालून मूत्राशय रिकामे करावे. तरीही रक्तदाब उतरला नाही, तर १०८ ला फोन करावा. एकाच पायाला आलेली सूज, धाप किंवा थंडी वाजून आलेला ताप यांसाठीही थेट रुग्णालय गाठावे.

अशा रुग्णाचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० इतकाच असू शकतो, त्यामुळे १३० हा आकडा तालुक्याच्या दवाखान्यात सामान्य वाटण्याची शक्यता असते. म्हणून इजेची पातळी, नेहमीचा रक्तदाब आणि चालू औषधे यांची चिठ्ठी पुनर्वसन डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि ती व्हीलचेअरच्या खिशात कायम ठेवावी.